संडासाला टेकलेलं पाणी

गुरुवारी सकाळी कुवेतच्या अर्दिया भागातल्या वर्कशॉपच्या आवारात चाकांवर उभं असलेलं एक पांढरंशुभ्र घर मी पाहिलं. त्याला खिडक्या होत्या, खिडक्यांना पडदे होते, दाराला पायरी होती. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर हे झाडायला किती वेळ लागेल. माझं तेव्हाचं डोकं हे असं होतं. जगातलं कुठलंही आश्चर्य समोर आलं की मी आधी त्याचा केर काढायची.

मला तोवर कॅराव्हॅन हा शब्दही नीट म्हणता येत नव्हता. आमच्या ह्यांना मात्र ती घरच्या म्हशीसारखी ओळखीची झाली होती. हे मूळचे नाशिकचे, मेकॅनिकल इंजिनियर. तेलाच्या टाक्या जोडणाऱ्या एका कुवेती मालकाच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. थंडी पडली की कुवेती लोक शहराबाहेर वाळवंटात तंबू ठोकतात आणि सुट्टीचे, म्हणजे तेव्हाचे गुरुवार-शुक्रवार, दिवस तिथे काढतात. त्या मोकळ्या रानाला ते बर्र म्हणतात. मालकाच्या म्हाताऱ्या आईचे गुडघे गेले होते, तंबूमागच्या जागेत तिला बसवत नव्हतं, म्हणून लेकानं कमोड असलेलं हे अख्खं घर घेतलं. आणि ते ओढायला नवा कोरा डिझेल पिकअप.

ओढून नेण्याचं काम मालकानं ह्यांच्यावर सोपवलं. ह्यांना तो मुहंदिस, म्हणजे इंजिनियर, अशीच हाक मारायचा. वर म्हणाला, "मुहंदिस, तुझी आई आली आहे ना? तिलाही घेऊन ये. दोघी बसतील."

ह्या 'दोघी बसतील'वर आमच्या घरातलं बरंच काही लटकलं होतं. सासरे गेल्यावर हे सासूबाईंना फहाहीलच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले होते. सासरे गेले तेव्हा ह्यांना वेळेवर पोचता आलं नव्हतं, आणि आता आई नाशिकच्या घरात एकटी, हे त्यांना सोसवत नव्हतं. पण तिसऱ्या मजल्यावर सासूबाईंचा जीव रमेना. मी हॉस्पिटलात, हे कामावर, लेक शाळेत. त्या खिडकीशी बसून खालच्या गाड्या बघायच्या. एक दिवस जेवताना शांतपणे म्हणाल्या, "माझं तिकीट बघ रे. भिंतीशीच बोलायचं तर नाशिकला माझी स्वतःची भिंत आहे."

तिकीट काढलं गेलं. व्हिसा वाढवून मिळाला असता, आईची इच्छा कोण वाढवून देणार? ह्यांनी फक्त त्या गुरुवारसाठी आईला तयार केलं. जाण्याआधी निदान एकदा.

तर आवारात तो पिकअप उभा. पांढरा, डबल केबिनचा, आणि इतका उंच की सासूबाईंना चढवायला वर्कशॉपमधलं लाकडी खोकं आणावं लागलं. चढण्याआधी त्यांनी पिशवीतून लिंबू काढून पुढच्या चाकाखाली ठेवलं. नव्या गाडीला लिंबू नको का? ह्यांनी इकडेतिकडे बघितलं, मालक नव्हता. मग किल्ली फिरवली, पण पूर्ण नाही. एक पिवळा दिवा लागला. तो विझेपर्यंत थांबले.

"का थांबलास?" सासूबाईंनी विचारलं.

"डिझेल आहे, आई. आधी जरा आत ऊब होऊ द्यायची, मग उठवायचं."

"तुझ्या वडिलांचंही असंच होतं."

मग ते इंजिन उठलं. पेट्रोलच्या गाडीचा आवाज कानाला येतो, ह्याचा पोटात आला. सीट थरथरली, माझ्या बांगड्या किणकिणल्या. गाडी हातभर पुढे गेली आणि लिंबाचं काय झालं ते कुणाला कळलंही नाही. मी इतकी भारावले की लेकीचा हात घट्ट धरला, आणि तिनं वैतागून माझ्याकडे पाहिलं.

हे गाडी मागे घेऊन कॅराव्हॅनला जोडायला लागले. पिकअपच्या मागे कवठाएवढा एक लोखंडी गोळा होता, त्यावर त्या घराचं तोंड येऊन बसायचं. एवढंच. बाकी वायर आणि साखळ्या होत्या म्हणा, पण सगळा भार त्या कवठावर. मी वाकून वाकून बघितलं. संसारही असाच एवढ्याशा कशावर तरी चालतो, असं काहीतरी थोर वाक्य मला सुचलं होतं. सुदैवानं मी ते बोलले नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. ह्यांनी आदल्या दिवशीच कॅराव्हॅनमध्ये वाळवंटातल्या तळावर लागणारं सामान भरून ठेवलं होतं. पाण्याच्या बाटल्यांची खोकी थरावर थर, तांदळाची पोती, कोळशाची पोती. सगळं पुढच्या टोकाला, आणि त्याच टोकाला कमोडची ती कपाटाएवढी खोली. हे टायरची हवा बघण्यात गुंतले असताना सासूबाईंनी आत डोकावलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, हे पाणी संडासाला टेकलंय."

"आई, मध्ये भिंत आहे," मी म्हटलं.

"भिंत कसली, पुठ्ठा आहे. हे पाणी मी पिणार नाही. तांदूळही तिथलाच. मी दिवसभर उपाशी बसते, तुम्ही जेवा."

इथे तुम्हाला सांगायला हवं की मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. लोक छोट्या छोट्या डब्यांतून जे आणून देतात ते दिवसभर काचेवर पसरून भिंगाखाली बघायचं, हे माझं काम. आणि मी स्वतःला फार सुधारलेली समजायची. सोवळंओवळं मानणाऱ्या बायांना हसायची. पण सासूबाई उपाशी बसणार म्हटल्यावर माझी सुधारणा कुठे गेली कोण जाणे. पदर खोचला आणि ती सगळी खोकी, सगळी पोती ओढत, ढकलत मागच्या टोकाला नेली, पलंगाखाली, पलंगावर. घामाघूम झाले. संडासापासून जितकं लांब नेता येईल तितकं लांब नेलं. वर पलंगपोसही अंथरला, छान दिसावं म्हणून.

ह्यांनी जोडणी तपासली, साखळ्या तपासल्या, मागचे दिवे तपासले, दोनदा. आत बघितलं नाही. आतली आवराआवर हा इंजिनियरिंगचा विषय नाही अशी त्यांची तेव्हा समजूत होती.

निघालो. सासूबाई पुढे, मी आणि लेक मागे. सातव्या रिंग रोडवरून दक्षिणेकडे वळलो. घर निघाल्याचं पिकअपला जाणवलंच नाही. डोंगरासारखं ते ओझं त्यानं असं उचललं, जसा एखादा पैलवान बाजाराची पिशवी उचलतो. ह्यांची मान नेहमीपेक्षा ताठ झाली होती. मी मागच्या काचेतून बघत होते. आमच्यामागे पडदे लावलेली खिडकी धावत येत होती. घरानं आपल्या मागे यावं, हे मी जन्मात प्रथमच बघत होते. तोवर मीच घरांच्या मागे गेले होते.

मग एक लांबलचक टँकर आमच्या बाजूनं भर्रकन पुढे गेला.

"मम्मा," लेक म्हणाली, "द हाउस इज डान्सिंग."

मी मागे पाहिलं. पडद्यांची खिडकी डावीकडे गेली. मग उजवीकडे. मग आणखी डावीकडे. कुत्रं शेपूट हलवतं तसं ते घर हलत होतं, फरक इतकाच की इथे शेपूट कुत्र्याला हलवू लागलं होतं. पिकअपचं बूड उचलल्यासारखं झालं. ह्यांच्या मानेवर घाम दिसला.

"ब्रेक लाव रे," सासूबाई म्हणाल्या.

"नाही लावायचा." ह्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कुणी हलू नका."

त्यांनी फक्त पाय उचलला. चाक सरळ धरून ठेवलं, हातांच्या शिरा दिसत होत्या. आणि त्या डिझेलनं खाली घुमून आम्हाला असं धरलं, जसं पोहायला शिकवणारं माणूस कमरेला धरतं. घर एकदा हललं, पुन्हा कमी हललं, आणखी कमी, आणि मुकाट मागे येऊ लागलं. मी देवाचं नाव घेतलं की लेकीचं, आठवत नाही.

रस्त्याकडेला थांबलो. हे उतरले, कॅराव्हॅनचं दार उघडलं, आत बघितलं आणि पलंगपोसाचं टोक उचललं.

"मी पाणी पुढे ठेवलं होतं," म्हणाले. "ते मागे कसं गेलं?"

"गेलं नाही," सासूबाई म्हणाल्या, "नेलं. मी सांगितलं, हिनं नेलं. मी तुझ्या संडासाला टेकलेलं पाणी पिणार नाही."

"आई, मागे वजन झालं की पुढचं तोंड हलकं होतं, मग ते असं झुलतं. आत्ता आपण उलटलो असतो."

"म्हणजे गाडी उलाळ झाली म्हण की. बैलगाडीचं जू वर उचललं जातं तसं." मग माझ्याकडे वळून, "तू शिकलेली ना गं? तुला कळलं नाही?"

मी पलंगपोसाची घडी घालू लागले.

ह्यांनी आईकडे पाहिलं. "परत जाऊ या का? तू घाबरलीस. मी मालकाला सांगतो, कॅराव्हॅन नंतर नेईन." हे बोलताना त्यांचा चेहरा पडला होता. परत जायचं म्हणजे तिसरा मजला, खिडकी, आणि मग विमान. ते मला कळलं. त्यांच्या आईलाही कळलं असावं.

पण त्या भलतीकडेच बघत होत्या. काठी टेकत रस्त्यापासून चार पावलं आत गेल्या. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता आणि वाळूवर हिरवी लव आली होती, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर येते तशी. मधूनमधून इवली पिवळी फुलं. आणि पुढे काहीच नाही. म्हणजे खरंच काही नाही. भिंत नाही, झाड नाही, डोंगर नाही. लांब कुठे तेलाच्या विहिरीवरची ज्योत, भर दिवसा जळणारी, आणि तिच्याखालून ओळीनं जाणारे उंट, तांदळात किडे दिसावेत एवढे. गाड्या जरा थांबल्या की इतकी शांतता व्हायची की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. मी इतकी वर्षं कुवेतमध्ये राहत होते, आणि मला वाटायचं कुवेत म्हणजे हवल्लीतली दुकानं आणि हॉस्पिटलची लिफ्ट.

"एवढं आभाळ," सासूबाई म्हणाल्या.  मग वळल्या. "त्या खोलीत अजून कुणी गेलंय का?"

"कुठल्या खोलीत?"

"संडासात."

"नाही आई. नवा आहे. पाणीसुद्धा जोडलेलं नाही."

"मग तो अजून संडास नाही. नुसतं चिनी मातीचं भांडं आहे. ठेव पाणी त्याच्यातच, सगळ्यात पुढे होईल. पोचेपर्यंत कुणी जायचं नाही म्हणजे झालं."

हे आईकडे बघतच राहिले. मग हसू लागले, आणि मी त्यांना वडील गेल्यापासून प्रथमच तसं हसताना पाहिलं. आम्ही खोकी वाहिली, पोती वाहिली. कमोडच्या झाकणावर तांदळाचं पोतं, त्याच्यावर सासूबाईंनी नाशिकहून आणलेला लाडवांचा डबा. पुढे सगळी वाट ते घर इतकं सरळ आलं, जणू त्याला कधी नाचता येतच नव्हतं. सासूबाई पुढचा आरसा स्वतःकडे वळवून त्यालाच बघत होत्या. ह्यांनी तो दोनदा परत वळवला.

तळावर मालकाची आई वाटच बघत होती. काळ्या पायघोळ अबायातली जाडजूड बाई, हातात काठी. अगदी सासूबाईंची मापं घेऊन बनवल्यासारखी. कॅराव्हॅन टेकताच ती कुणाचा हात न धरता पायरी चढली आणि थेट आपल्या नव्या खोलीचं दार उघडलं.

 मग ती वळली. तिच्यामागे छतापर्यंत पाणी, तांदूळ, कोळसा, आणि आसनावर लाडवांचा डबा. तिनं आपल्या लेकाकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा रंग गेला.

सासूबाईंनी पुढे होऊन पाण्याच्या खोक्यावर हात ठेवला, मग भिंतीवर, मग नाक मुरडून मान हलवली. मग हातानं घर कसं झुललं ते करून दाखवलं. मग गुडघ्यावर थाप मारली आणि वर आभाळाकडे बोट केलं. ह्यातून काय कळावं ते देव जाणे. पण त्या बाईला सगळं कळलं. ती हसू लागली, अबायाचं टोक तोंडाला लावून, गुडघा धरून, आणि पायरीवर बसलीच. सासूबाई तिच्याशेजारी बसल्या.

दुपारभर त्या तिथेच होत्या. ती अरबीत बोलायची, ह्या मराठीत. मधे कुणी दुभाषा नव्हता. सासूबाईंनी तिला गुडघ्याला एरंडाचं पान कसं बांधायचं ते दाखवलं, पान नसताना. तिनं लाडू खाल्ला, दुसरा पिशवीत टाकला. एकदा मी चहा घेऊन गेले तर दोघींनी माझ्याकडे बघून एकदम हसू दाबलं. माझ्याबद्दल काय सांगितलं होतं ते मला आजवर कळलेलं नाही. अंदाज आहे.

उन्हं उतरताना निघालो. म्हातारीनं सासूबाईंचा हात धरून काहीतरी विचारलं. मालकानं सांगितलं ते ह्यांनी मराठीत आणलं, "म्हणते, पुढच्या गुरुवारी येणार का?"

सासूबाई तिच्याशी बोलल्या नाहीत, लेकाकडे वळल्या. "पुढचा गुरुवार माझ्या विमानाच्या आधी येतो की नंतर?"

"नंतर," हे म्हणाले.

 त्या पिकअपमध्ये चढल्या, पिवळा दिवा लागून विझेपर्यंत थांबल्या. इंजिन सुरू झालं तेव्हा म्हणाल्या, "मग त्या विमानाला काय सांगायचं ते तू सांग. मी तिला हो म्हटलंय."

कधी म्हटलं, कुठल्या भाषेत, हे कुणी विचारलं नाही. ह्यांनी फक्त डोळ्यांवर हात फिरवला, आणि धूळ फार आहे म्हणाले.

परतताना मागे घर नव्हतं. मी काचेतून सारखी बघत होते, काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. हलका झालेला पिकअप प्रत्येक खड्ड्याला उडत होता, आमची डोकी छताला लागत होती.

"जाताना कसा शहाण्यासारखा चालला होता," सासूबाई म्हणाल्या. "मागे ओझं होतं ना."