चंदेरी रंगाचा अँटेना

जो माणूस आपले घर विसरत चालला आहे, त्याला रोज घराबाहेर जाऊ द्यावे का? नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या यमुताईंना हा प्रश्न दिराने विचारला, डॉक्टरांनी विचारला, गल्लीतल्या इस्त्रीवाल्यानेही विचारून घेतला. उत्तर त्यांच्यापाशी नव्हते, आणि हे टिपण लिहितानाही ते हाती लागलेले नाही. उत्तर सापडत नाही म्हणून यमुताईंनी एक अँटेना बनवला, एवढेच खात्रीने सांगता येते.

गोपाळराव, त्यांचे यजमान, जन्मभर कूलर बनवत आले. जगनाडे चौकाजवळ त्यांचे दुकान होते. पत्रा कापणे, घड्या पाडणे, टाकीला आतून डांबर आणि बाहेरून चंदेरी रंग मारणे, मग वाळ्याच्या ताट्या बसवून गिऱ्हाइकाच्या खिडकीत चढवणे, असे ते काम. नागपूरचा उन्हाळा त्यांच्यासाठी जानेवारीतच सुरू व्हायचा. पुढे प्लास्टिकचे कूलर आले, दुकान गेले, त्या जागी औषधांचे दुकान उभे राहिले. त्यानंतर काही वर्षांनी गोपाळरावांची स्मृती एकेक खोली रिकामी करू लागली. आधी नावे गेली, मग रस्ते. चालणे मात्र राहिले. चहा झाला की पायांत चपला, डोक्याला दुपट्टा, आणि माणूस फाटकाबाहेर.

"कुठी चाल्ले?" यमुताई विचारत.

"दुकान उघडाचं नाही का वं? सीझन हाय."

एका हिवाळ्यात धाकटे दीर मारोतराव यांच्या सांगण्यावरून यमुताईंनी फाटकाला कुलूप लावून पाहिले होते. गोपाळरावांनी ते फाटक संध्याकाळपर्यंत मुठींनी वाजवले. हात सुजले. पुढ्यात आणलेले ताट त्यांनी सारून दिले आणि बायकोकडे परक्या नजरेने पाहत हात जोडले, "बाई, तुमचं भलं होईल, मले घरी जाऊ द्या." यमुताईंनी कुलूप काढले. त्यानंतर त्या स्वतः मागे मागे चालू लागल्या. गुडघे दुखणारी साठीपलीकडची बाई, एका हातात पाण्याची बाटली, पुढे तरातरा चालणारा नवरा. घरी परतल्यावर स्वयंपाक, धुणे, त्यांची आंघोळ. रात्रीही ते उठत, म्हणून झोप तुटक. थकवा हा शब्द त्या वापरत नसत. "अंगात पाणी भरल्यासारखं वाटते," म्हणत.

मोबाइलचा उपाय करून झाला होता. खिशातला फोन वाजला की गोपाळराव तो काढून शेजारच्या माणसाच्या हातात देत, "भाऊ, तुमचा फोन वाजून राहिला." दोन फोन असे भल्या माणसांनी परत आणून दिले. तिसरा कुणीच आणला नाही.

मुलगी मेघा नागपुरातच बेसा भागात राहते आणि एका तंत्रनिकेतनात शिकवते. त्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारीत, तिने दोन लहान डब्या आणल्या. काडेपेटीहून थोड्या मोठ्या. त्यांना सिमकार्ड लागत नाही, त्या वाजत नाहीत, बोलत नाहीत. अगदी थोड्या विजेवर त्या लहानसा निरोप हवेत सोडतात, आणि ज्या दुसऱ्या डबीला तो ऐकू येईल ती तो पुढे देते. जितक्या डब्या, तितके जाळे मोठे. एक डबी बाबांच्या बंडीच्या आतल्या खिशात शिवून टाकायची, ती दर थोड्या वेळाने आपण कुठे आहोत ते सांगेल. दुसरी गच्चीवर ठेवायची, ती ऐकेल आणि आईच्या फोनच्या नकाशावर एक ठिपका दाखवेल. तिसरी डबी वस्तीतल्या बुद्धविहाराच्या छतावर बसवावी असाही विचार होता, पण समितीने सांगितले, आता जयंतीची तयारी आहे, एप्रिल होऊन जाऊ द्या.

अडचण होती ती ऐकण्याची. डबीसोबत आलेला बोटाएवढा अँटेना गल्लीच्या वळणापलीकडचे काही ऐकत नव्हता. मेघाने तयार मोठा अँटेना मागवला, तो परदेशातल्या वेगळ्याच लहरींसाठी बनवलेला निघाला. तो परत पाठवायच्या खटपटीत असताना यमुताई म्हणाल्या, "राहू दे. बनवू आपण."

"तुला जमेल आई? डोळे?"

"डोळ्यांनं कुठं बनते वं? हातानं बनते."

हे बोलणे अगदीच पोकळ नव्हते. लग्नानंतर बरीच वर्षे यमुताई हिंगण्याच्या बाजूला टीव्हीच्या अँटेनाचे बूस्टर बनवणाऱ्या एका कारखान्यात झाळकाम, म्हणजे कथील वितळवून तारा जोडायचे काम, करत. केबल टीव्ही आला, कारखाना बंद पडला, आणि त्या दुकानात नवऱ्याच्या हाताखाली ताट्या बांधू लागल्या. पण त्या काळातली केबलची एक गुंडाळी पलंगाखालच्या पेटीत राहून गेली होती. तिचा आता उपयोग झाला. हल्लीच्या डिशच्या केबलला बाहेरून अॅल्युमिनियमची जाळी असते, तिला कथील धरत नाही. जुन्या केबलची जाळी तांब्याची होती.

मेघाने मोबाइलवर आकृती दाखवली. केबलचे सारख्या लांबीचे तुकडे करायचे, प्रत्येकाची आतली तार पुढच्याच्या जाळीला आणि जाळी आतल्या तारेला जोडायची, आणि ही उलटसुलट माळ पाण्याच्या प्लास्टिक नळीत घालून उभी करायची. ऐकायला सोपे. पहिली माळ वाया गेली, कारण आकृतीतले माप त्याच परदेशी लहरींचे होते आणि तुकडे आखूड कापले गेले. कापलेली केबल वाढवता येत नाही. यमुताईंनी मोजायचा टेप पुन्हा हातात घेतला. गोपाळराव दुपारी पडले की त्या चष्मा कपाळावर ढकलून झाळणीपाशी बसत. कथिलाचा थेंब जाळीवरून आतल्या तारेवर ओघळे, सांधा सोडवून पुन्हा करावा लागे. कधी कधी गोपाळराव जागे होऊन शेजारी येऊन बसत आणि धुराच्या वासाने खोकत.

"काय करून राहिली वं?"

"तुमच्यासाठीच करून राहिली."

"मग नीट कर. गिऱ्हाईक बोंबलते नाही तर."

शेवटी माळ जमली. नळीत घालून, वरचे तोंड बंद करून, तिला गच्चीच्या कठड्याला उभी बांधली. मेघा ती बंडीतली डबी घेऊन स्कूटीवर हसनबागेपर्यंत गेली, दुसऱ्या बाजूला जगनाडे चौक ओलांडून आली. नकाशावरचा ठिपका तिच्यामागे इमानाने फिरला. त्या दिवसापासून यमुताई फाटकापाशी निरोप देऊन आत वळू लागल्या. नवरा फिरतो आहे आणि आपण भाजी निवडतो आहोत, ही गोष्ट त्यांना पहिले काही दिवस चोरी केल्यासारखी वाटली.

मारोतरावांना हे पटले नव्हते. ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहतात, वीज मंडळातून निवृत्त झालेले. माणूस प्रेमळ, पण भित्रा. "वहिनी, भाऊ काही रेडिओ हाय का? एक दिवस गाडीखाली येईल, मग ठिपका घेऊन बसा."

"मग काय करू? तुम्ही जाता का त्यायच्या मागं?"

"माझं बीपी..."

"मग चूप बसा भाऊजी, चहा घ्या."

मार्च सरत आला. ऊन तापू लागले. एका सकाळी गोपाळराव उठल्यापासून बेचैन होते. कूलर, कूलर म्हणत घरभर फिरत होते. यमुताईंची आदली रात्र बसून गेली होती. अंगणात घरचे दोन जुने पत्र्याचे कूलर पडले होते आणि जिन्याखाली चंदेरी रंगाचा अर्धा डबा. त्यांनी डबा उघडून दिला, कुंचला हातात ठेवला. तासभर डोळा लागला तरी पुरे, एवढाच त्यांचा हिशेब. गोपाळराव कामाला लागले. त्या निजल्या, उठल्या तेव्हा दोन्ही कूलर झळकत होते, आणि गोपाळराव भिंतीला टेकून समाधानाने बोटे निरखत होते. डबा रिकामा झाला होता. दोन कूलरना एवढा रंग लागत नाही, हे कूलरवाल्याच्या बायकोच्या ध्यानात यायला हवे होते. आले नाही.

दुसऱ्या दिवशी गोपाळराव नेहमीप्रमाणे निघाले. यमुताईंनी वरणाचा कुकर लावता लावता फोन पाहिला. ठिपका गल्लीच्या कोपऱ्यावर, कडुनिंबाच्या पारापाशी. बरे झाले, आज सावलीत बसले. भात टाकताना पुन्हा पाहिले. ठिपका तिथेच. त्याखाली बारीक अक्षरांत शेवटचा निरोप कधी ऐकला ते लिहून येते, ते वाचायला चष्मा लागला असता. चष्मा आत होता. त्या पाटावर टेकल्या आणि बसल्या बसल्याच पेंगल्या.

फाटकाच्या आवाजाने जाग आली. मारोतराव होते.

"वहिनी, भाऊ कुठी हाय?"

"पारावर बसून हाय."

"मी पारावरूनच येऊन राहिलो. कुत्रंबी नाही तिथं."

त्यानंतरची दुपार यमुताईंना सलग आठवत नाही. ऊन माथ्यावर होते. मेघा वर्ग सोडून आली. मारोतराव रक्तदाब विसरून मोटारसायकलवर वाठोड्याकडे गेले आणि दिघोरीकडून फिरून आले. यमुताई जगनाडे चौकातल्या औषधांच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. गोपाळराव दुकान उघडायला निघाले असतील तर इथेच येतील. ते आले नव्हते. फोनवरचा ठिपका कडुनिंबाखाली शांत बसून होता.

संध्याकाळी मारोतरावांनी भावाला मागे बसवून आणले. हसनबागेत रस्त्याकडेला एक माणूस कूलर बनवतो, त्याच्याकडे सापडले. अंगठ्यापासून कोपरापर्यंत चंदेरी. त्या माणसाला वाटले, कुणी जुना कारागीर काम मागायला आला आहे. "काका बोलत नाही जास्त," तो मारोतरावांना म्हणाला होता, "पण हात काय मारते बापा! जेवलेबी आमच्यासंगं." दिवसभर माणूस हरवलेला नव्हताच, कामावर होता.

मारोतराव ओट्यावर बसले, आणि पिशवीतून त्यांनी नवे कोरे कुलूप काढून यमुताईंसमोर ठेवले. येताना घेतले होते.

"आता तरी ऐका."

यमुताईंनी कुलूप घेतले आणि खिडकीत ठेवले. मग तेलाचा बोळा घेऊन नवऱ्याचे हात पुसायला बसल्या. कोपराचा रंग ओला होता, लगेच सुटला. नखांच्या कडेचा मात्र सुटेना. तो कालचा होता, कूलरचा. मनगटाच्या आतल्या बाजूला एक लांब सुकलेला ओघळ होता. तो पाहून त्यांचा हात थांबला. खाली ठेवलेला कूलर रंगवताना रंग मनगटाकडे ओघळत नाही. हात डोक्यापेक्षा वर धरला तरच तो असा खाली उतरतो.

त्या गच्चीवर गेल्या. मेघा मागून आली. मावळत्या उजेडात नळी खालपासून वरपर्यंत चमकत होती. दोन हात मारलेले, एक ठिपका सुटलेला नाही, खालच्या जोडावर तर जास्तच जाड.

मेघाने नळीवरून बोट फिरवले. "यात अॅल्युमिनियमची पूड असते, आई. लहरींच्या वाटेत पत्रा उभा केल्यासारखं झालं. जवळचं ऐकू येत राहिलं, लांबचं गेलं. म्हणून ठिपका पारावरच अडकला."

"डबा मीच देल्ला," यमुताई म्हणाल्या.

गोपाळराव जिना चढून वर आले होते. बायको नळीकडे पाहते आहे हे बघून त्यांचा चेहरा खुलला. त्या वर्षात ते फार थोड्या वेळा तिच्याशी ओळखीने बोलले होते.

"उन्हानं खराब होते ना वं ते. प्लास्टिक तडकते. तू इतक्या दिवसापासून बसून बसून बनवलं. म्हटलं, दोन हात मारून द्यावं."

मेघा कठड्याकडे तोंड करून उभी राहिली. यमुताईंनी फक्त विचारले, "कशी दिसते?"

"एक नंबर," ते म्हणाले.

मारोतराव खाली वाट पाहत होते. त्यांना यमुताईंनी सांगितले, "भाऊजी, कुलूप राहू द्या घरात. चूक डबीची नाही अन् त्यायचीबी नाही. मी झोपली होती."

"वहिनी, मग तुम्ही झोपूच नका काय?"

हा प्रश्न त्यांनी रागाने विचारला की कळवळ्याने, हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते. पण दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी जेवण आटोपून येऊ लागले आणि यमुताईंचा फोन व चष्मा मांडीवर घेऊन ओट्यावर बसू लागले. अँटेना पुन्हा लांबचे ऐकू लागल्यावर ते "गेला ठिपका हसनबागेत," असे आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडत. यमुताई झोपलेल्या असत.

रंगवलेल्या नळीतली माळ सांधे न तुटता निघणार नव्हती, पण पेटीतली केबल आणखी एका माळेपुरती उरली होती. यमुताईंनी पुन्हा तुकडे कापले, पुन्हा जाळी सोलली, पुन्हा सांधे झाळले. यावेळी पहिला उत्साह नव्हता. रोजची भांडी घासावीत तसे ते काम झाले. नवी नळी पाण्याच्या टाकीमागे, जिथे गोपाळरावांचा हात पोचत नाही, तिथे उंच बांधली. एप्रिल उलटल्यावर विहाराच्या छतावरही एक डबी बसली. हसनबागेतल्या कूलरवाल्याला मेघा भेटून आली. त्याने आपल्याकडे येणाऱ्या काकांसाठी एक जुना कुंचला वेगळा काढून ठेवला.

चंदेरी नळी कठड्यालाच राहू दिली. तिला डबीशी जोडणारी केबल यमुताईंनी सोडवून घेतली होती. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी नवा डबा आणला, गोपाळरावांना दिला, आणि ते नळीला रंग देत असताना शेजारी स्टूल धरून उभ्या राहिल्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गोपाळरावांचे चालणे थांबले. तोपर्यंत फाटकाला पुन्हा कुलूप लागले नव्हते.