आपोआप न वाजणारं गाणं
जालन्यात बसून मी फोनवर गाणी ऐकायचं एक फुकटचं ॲप बनवतो. त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, सूचनाही कुणीही कळवू शकतं. आज सकाळी कुणीतरी लिहिलं, ‘आपोआप वाजवू नका’ हे बटण काढून टाका, ते वापरतं कोण? आणि मला वाटूरचा फाटा आठवला, उन्हात तापलेल्या रेक्झिनच्या सीटचा आणि डिझेलचा वास आठवला. तिथं काळी-पिवळी जीप चालवणारा एकजण हे ॲप वापरायचा. त्याच्या मुलानं जयंतीला गायलेलं भीमगीत त्याच्या फोनमध्ये होतं. मुलगा अपघातात गेला, आणि गाणी चालू ठेवली की ते मधेच वाजायचं. “गाडी कडंला घ्यावी लागती, सर. पाशिंजर वरडतेत. डिलीट तर करवत न्हाई.” मी ते गाणं यादीतून लपवायची सोय करून दिली. दुसऱ्याच दिवशी त्याचा घाबरलेला फोन आला, “सर, पोरगं दिसून न्हाई राह्यलं!” मग मी हे बटण केलं: गाणं यादीत दिसेल, पण आपण बोट लावल्याशिवाय वाजणार नाही. फाट्यावर ते दाखवलं, तेव्हा तो अंगठा स्क्रीनच्या वरच धरून गाण्याच्या नावाकडं बघत राहिला. पुढं कधीतरी मी विचारलं, ऐकलं का? “न्हाई,” तो म्हणाला, “पण हाये.” आता माझी आई जाऊन वर्ष होईल, तिचा आवाज माझ्या फोनमध्ये आहे. त्या सूचनेखाली मी एवढंच लिहिलं: दोघं वापरतात.