ओतून दिलेलं ताक

परवा नंदुरबारला एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं. दह्या-ताकातले जिवंत जंतू दुधातली काही साखर आधीच संपवतात, म्हणून ज्यांना दूध सोसत नाही त्यांना ताक सोसतं, आतड्यालाही ते बरे, असं सांगत होते. लोक माना डोलवत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हेच मला एका बाईनं वीसेक वर्षांपूर्वी चुलीपुढे बसून सांगितलं होतं, आणि मी तिचं मडकं ओतून दिलं होतं. हे आजवर मी घरीसुद्धा बोललो नाही.

सन एकोणीसशे साठ-बासष्टचा सुमार. नवापूरपलीकडच्या डोंगरातल्या शाळेवर मी एकटा मास्तर. शाळेला परदेशी दुधाची पावडर यायची. ती गरम पाण्यात कालवून पोरांना मास्तराच्या डोळ्यांदेखत पाजायची, असा हुकूम. गावात गायी होत्या, पण दूध वासरांचं. माणसं पीत नसत. पेला पाहिला की पोरं तोंड फिरवायची. पोटं फुगायची, ढाळ लागायचे. मला वाटे, नाटकं करतात.

दूध कालवणारी बाई त्याच गावातली. तिची मुलगी पहिलीत. एका सकाळी मला चुलीमागे आंबूस वासाचं मडकं सापडलं.

"हे काय?"

"ताक, गुरुजी. कालच्या उरल्या दुधाचं. दूध पोरांच्या पोटात भांडण करतं. ताक गप बसतं."

विरजण तिनं दोन कोस चालून गवळ्याकडून आणलं होतं. सरकारी दूध नासवलंस म्हणून मी ओरडलो, आणि सगळ्या पोरांसमोर मडकं उंबऱ्याबाहेर पालथं केलं. तेवढ्यानं भागलं नाही. तिच्याच मुलीला पुढे उभं करून हातात पेला दिला. "संपव." आईकडे बघत बघत तिनं संपवला.

मुलीला तीन दिवस ढाळ. डोळे खोल गेले. आई पुन्हा दोन कोस तुडवून लोटाभर ताक घेऊन आली. पेज आणि ताक यांवर पोर हळूहळू उठून बसली. हे मी पाहिलं. तेव्हाच कळलं मला; डॉक्टरांची वाट पाहावी लागली नाही.

तालुक्याला जाऊन साहेबांना विचारलं, दुधाचं ताक करून दिलं तर चालेल का? साहेब आमच्याकडचेच; खदाखदा हसले आणि आमच्या बोलीत म्हणाले, "तू मास्तर शे का गवळी शे? दूध पाजं, आसं लिख नि घर जाय!"

मी नोंदवहीत 'दूध पाजलं' असं लिहिलं. त्या हसण्याची चीड अजून जात नाही. पण खाली सही माझी होती.

पंधरा दिवस झाले तरी मुलगी शाळेत येईना, म्हणून घरी गेलो. ती अंगणात काटकीनं मातीत 'ग' काढत होती. चांगला गोल जमला होता.

"पाठवीन की," बाई म्हणाली. "दूध पाजणार नाही, एवढं सांगा."

"नियम आहे," मी म्हणालो.

मुलीकडे एकदा पाहून बाई आत गेली. मुलगीही काटकी टाकून तिच्यामागे गेली. पुन्हा ती शाळेत आली नाही.

त्या नियमाला मी इतकी वर्षं शिव्या घालतो आहे. पण त्या अंगणात नियम बघायला होतं कोण? आम्ही तिघंच. 'नाही पाजणार' एवढंच म्हणायचं होतं.