सतरा नंबरच्या खाटेसाठी गाऱ्हाणं

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नसत, म्हणून मीही त्यांना ‘हे’च म्हणते. मिठबावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान ह्यांच्या घराण्याकडे होता. जत्रेला हे देवापुढे उभे राहून सगळ्या गावाचं मागणं मागत, आणि दर वाक्याला पुरुषमंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देत. आम्ही बायका मागे खांबांशी. ह्यांचा आवाज असा, की आम्हांला पुढे सरकायची गरजच पडत नसे. मी मात्र दरवर्षी थोडी सरकायचे.

पन्नास सालानंतर आठ-नऊ वर्षांनी ह्यांना खोकला धरला, मग ताप, मग थुंकीत रक्त. क्षय. मुंबईला दीर होते, तिकडच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं. देवगड बंदरात दोन दिवस ट्रंकेवर बसून काढले, पण वारा उलटला होता, आगबोट लागलीच नाही. मग घाटावर जाऊन कोल्हापुराहून गाडी धरू म्हणून एसटीत बसलो, तर फोंडाघाटला ह्यांना रक्ताची उलटी झाली. आजूबाजूचे उठून उभे राहिले. कंडक्टरने आमची ट्रंक खाली ठेवली. ठेवली अगदी हळू, त्याबद्दल त्याला नावं ठेवत नाही.

हॉटेलाच्या बाकड्यावर बसलो असता नारळ घेऊन वर चाललेल्या एका लॉरीवाल्याने विचारपूस केली. “माझ्या आईला मिशनच्या इस्पितळात गुण आला,” म्हणाला, आणि आम्हांला नारळांच्या पोत्यांत बसवून त्या इस्पितळाच्या फाटकात सोडून गेला. मुंबई राहिली ती राहिलीच.

मिशनचे लोक बाटवतात, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून पहिला महिना मी त्यांच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. पडवीत तीन दगड मांडून पेज शिजवायची. तिथल्या थोरल्या नर्सबाई रोज विचारत, आणि मी रोज फटकन नाही म्हणायची. त्या काही रागावत नसत, त्याचाच मला राग येई. ह्यांची रक्त पडलेली भांडी त्या स्वतः धूत. घरी माझ्या सख्ख्या जावेने तांब्यासुद्धा दुरून सरकवला होता.

इंजेक्शनं झाली, पण एक फुप्फुस काही ऐकेना. बरगड्या कापून ऑपरेशन करावं लागेल, आणि हमी देत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला ह्यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मूलबाळ नव्हतं, माहेर उठलेलं. आदल्या संध्याकाळी मी नर्सबाईंना गाठलं. म्हटलं, “तुमच्या देवाक काय लागता? कोंबो की नारळ? मी नवस बोलतंय.”

“काही लागत नाही, बाई.”

“काय घेणा नाय त्या देवाचो भरवसो कसो धरूचो?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “तुम्हीच त्याच्याशी बोला ना. तुमच्या शब्दांत.”

माझ्या शब्दांत! जन्मात देवाशी मी मोठ्याने बोलले नव्हते, ते काम ह्यांचं. आणि मला येत होतं ते फक्त ह्यांच्याकडून ऐकलेलं. खाटेपाशी उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला आणि सुरू केलं, “बा येशू म्हाराजा, सतरा नंबरच्या खाटेवर जो निजलो आसा तो माजो घोव. त्याची काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल, आणि उद्या त्याच्या राखणेक रव रे म्हाराजा.”

बोलून गेले आणि थांबले. गाऱ्हाणं तिथे थांबतंच. साथ द्यायला कोण होतं? वॉर्डात सगळे टकमक बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात खाटेवरून, ऐकू येईल न येईल असं, ह्यांनी म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

ऑपरेशन झालं, हे वाचले. आता काय द्यायचं म्हणून मी पुन्हा विचारायला गेले, तर नर्सबाईंचं उत्तर तेच. मी चिडले, मग रडले. काही न घेता कोणी आपल्यासाठी येतं, हे डोक्यात शिरायला मला अख्खा पावसाळा लागला. शिरलं तेव्हा फार हलकं वाटलं. एका सकाळी ह्यांना पेज भरवताना सांगून टाकलं, “माका बाप्तिस्मो घेवचो आसा.”

दोन दिवस ह्यांनी माझ्या हातची पेज घेतली नाही. ते दोन दिवस मला ऑपरेशनपेक्षा जड गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “घे गो. माका मात्र बोलवू नको.”

गावी परतलो. महिन्याभरात ओटीवर मानकऱ्यांची बैठक बसली. विषय मीच. चुलीशी बाटलेली बायको आणि देवापुढे हे, असं चालणार नव्हतं. मान सोडायचा किंवा मला. मी दाराआड उभी. पण कोणी तोंड उघडायच्या आत ह्यांचाच आवाज आला, बारीक, अडखळत. “माजो दम पुरणा नाय आता. गाऱ्हाण्याचो मान धाकट्या भावाकडे जाऊंदे.” मंडळी चुकचुकली. सुटल्यासारखीही झाली असेल. दुखण्याने आवाज नेला म्हणून मी त्या रात्री हळहळत राहिले.

पुढच्या रविवारी हे मला खाडीपर्यंत पोचवायला आले. पलीकडे तीन ख्रिस्ती घरं होती, त्यांतल्या एका ओसरीवर प्रार्थना असे. होडी पलीकडच्या काठाला, होडीवाला माडाखाली आडवा झालेला. ह्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि होडी आणायची हाक दिली, “होडी हाऽऽड रे!”

अख्खी खाडी ओलांडून ती हाक गेली. होडीवाला धडपडून उठला.

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, “दम पुरणा नाय मा तुमचो?”

हे पाण्याकडे बघत होते. म्हणाले, “होडी येता. पायाखाली बघ, निसरडा आसा.”