बिळाची दोन तोंडं

शेजारच्या शांताबाईंचा फोन आला तेव्हा मी पिरंगुटला कारखान्यात होतो. "वहिनी मागच्या दाराशी पडल्यात, खिडकीतनं दिसतंय... हाका मारल्या तरी उठंनात. पुढं कुलूप हाय, तुमी लवकर या." किल्ली माझ्या खिशात होती. मुळशीच्या बसमध्ये मी ती मुठीत धरून बसलो. महिना उलटला, तरी ती मूठ सैल झालेली नाही.

वहिनी ताम्हिणी घाटाखालच्या, खाडीकाठच्या. दादाच्या लग्नानंतर मी त्यांच्या माहेरी गेलो, तेव्हा ओहोटीला काष्टा मारून त्यांनी मला चिखलात उतरवलं, निवट्या धरायला. निवटी म्हणजे बोटभर मासळी, डोळे डोक्यावर. चिखलात बीळ करून राहते आणि पाण्याबाहेर टुणटुण उड्या मारते. मी घाटावरचा शहाणा, दिसलं त्या बिळात कोपरापर्यंत हात घातला. निवटी हातभर लांबच्या दुसऱ्या भोकातून पसार! वहिनी हसून हसून चिखलातच बसल्या. "भावजी, बिळाला दोन तोंडं असत्यात. एकावर पाय दाबायचा, मगच दुसऱ्यात हात."

सासरी त्यांनी मागचं दार कधी लावू दिलं नाही. कुत्री शिरतात म्हणून आई करवादायची, पण वहिनी ढिम्म. पुढे दादा गेला, माझी बायको गेली, मुलं बावधनला राहायला गेली. घरात आम्ही दोघंच उरलो आणि वहिनींना विसर पडू लागला. "ओहोटी लागली आसंल," म्हणत त्या मागच्या दारानं निघायच्या. दोनदा घाटाच्या बसमधून उतरवून आणलं. तिसऱ्यांदा धरणाच्या काठी सापडल्या, चिखलात हात खुपसून बसलेल्या. "एकदा खाडीवर न्या, भावजी," एवढंच मागायच्या. मी म्हणायचो, सुट्टी मिळू दे... सुट्ट्या मिळाल्या, मी नेलं नाही. उलट मागच्या दाराला फळी ठोकली आणि कामावर जाताना पुढे कुलूप घालू लागलो.

"दोनी तोंडं बुजवली व्हय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच भल्यासाठी, वहिनी."

त्यानंतर त्यांनी खाडीचं नाव काढलं नाही.

हृदय बंद पडलं, क्षणात गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. असेल. पण मी कुलूप काढून आत गेलो, तेव्हा त्यांचा हात मागच्या दाराखालच्या फटीत होता, मनगटापर्यंत.

त्याच संध्याकाळी मी फळी उचकटली. आता ते दार उघडंच असतं, कुत्री येतात, जातात. कामावरून आलो की मी त्या उंबऱ्यावर बसतो. समोर घाटाचा रस्ता दिसतो. दोन्ही दारं मोकळी आहेत... आणि मला उठवत नाही.