आईच्या उंचीवरून

कट्टा गावच्या बाजारात माझ्या एका मित्राचं लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. दुकानातल्या टीव्हीवर मात्र सदा एकच जुना इंग्रजी सिनेमा. त्यात माणसं भलंमोठं हेल्मेट घालून संगणकातल्या जगात हिंडायची. ती दृश्यं आता कार्टूनसारखी वाटत. मी हसलो, की तो शांतपणे म्हणे, "हसू नको रे. खुर्चेर बसान माणूस खंय खंय फिरता, ता बघ."

त्याची आई पायांनी अधू झाली होती. एकदा तो कॅमेरा घेऊन तिच्या माहेरी, फोंडाघाटला गेला. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून तिच्यासारखाच सावकाश चालत त्याने सगळी वाट टिपली. ते तिला दाखवलं तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो. माहेरचं अंगण दिसलं तशी म्हातारी उशीवरून पुढे वाकली.

"आता डाव्या बाजूक वळ रे," ती म्हणाली. "गोठो थंय आसा."

पडद्यावर कॅमेरा सरळ ओटीवर चढला. म्हातारी परत उशीला टेकली.

"माझा चुकला गो आये," तो म्हणाला, आणि उठून त्याने कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो परत फोंडाघाटला गेला.