बाबांच्या कोंडीतलं नवं मीठ

भुताखेतांच्या गोष्टी मी चवीने वाचते, पण विश्वास... तो कधीच नव्हता. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माणसाचं काय बिघडलंय ते मला रिपोर्टमध्ये दिसतं आणि रिपोर्टमध्ये दिसत नाही ते मी मानत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच गंमत वाटतेय. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

माझं माहेर कळव्याजवळ, खाडीला लागून. बाबा मिठागरात कामाला होते. पुढे मिठागर बंद पडलं, तिवरं वाढली, तरी बाबांनी बांधालगत एक छोटी कोंडी – म्हणजे मीठ पिकवायचा वाफा – घरापुरती राखली होती. आमच्या घरची एक रीत होती. गुढीपाडव्याला आई मिठाची बरणी रिकामी करून, धुऊन, उन्हात पालथी घालायची. मग दोन-चार दिवस सगळ्यांना अळणी जेवण. बाबा कोंडीतलं नवं मीठ रुमालात बांधून आणायचे. आई त्यातलं चिमूटभर देवापुढे ठेवायची, चिमूटभर जिभेवर घ्यायची आणि मग बरणी भरायची. त्यानंतर वर्षभर दुकानातलं मीठही चालायचं. पहिलं मात्र बाबांच्या हातचंच.

बाबा दिवाळीनंतर गेले. आई डोंबिवलीला माझ्याकडे राहायला आली आणि पाडव्याला तिने माझ्या किचनमधली बरणी धुऊन पालथी घातली. मला वाटलं, सवय आहे, राहील चार दिवस. चारचे पंधरा झाले, वैशाख लागला... आई अळणीच जेवत होती. सुकट नाही, लोणचं नाही, पापड नाही. मी गुपचूप तिच्या भातात मीठ घातलं, तर पहिल्याच घासाला ताट सरकवलं. बाजारातलं खडेमीठ रुमालात बांधून समोर ठेवलं. तिने ते नाकाशी नेलं आणि परत दिलं.

"यो आपला नाय."

"अगं आई, बाबा नाहीत आता. कोण आणणार नवं मीठ?"

"नवा आयला का खाईन गो बाय."

तिचं डोकं ठिकाणावर होतं हां. बाबा गेलेत हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण हट्ट तो हट्टच.

त्यात तो उन्हाळा. आईला चक्कर येऊ लागली, बोलताना मध्येच शब्द सापडेनासे झाले. मीच तिचं रक्त घेतलं आणि रिपोर्टही मीच काढला. सोडियम फार खाली आलेलं. डॉक्टर म्हणाले, हे असंच चाललं तर अॅडमिट करावं लागेल आणि या वयात हा खेळ नाही. मी रडले, चिडले, तिच्या पाया पडले. ती नुसती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. बाबांमागोमाग हीसुद्धा जाणार, या भीतीने माझी झोप उडाली होती.

त्या रविवारी सकाळपासून लाइट गेलेली. घराची भट्टी झाली होती. मला आईकडे बघवेना. नवऱ्याला म्हटलं, तू बस तिच्याजवळ, मी जरा खाडीवर वारा खाऊन येते.

"खाडीवर?" तो मूळचा गुहागरचा, समुद्र सोडून बाकी सगळं पाणी त्याला डबकं वाटतं. "अगं, चिखल बघायला कोण जातं?"

मी गेले. मीठ आणायचं डोक्यातही नव्हतं. बाबांच्या कोंडीचा बांध आदल्या पावसात फुटलेला, भरतीचं पाणी आत-बाहेर करत होतं. माघात मी स्वतः पाहिलं होतं, आत गुडघाभर चिखल.

कळव्याला उतरून माहेरच्या गावामागून बांधावर चढले आणि खाडीच्या कडेकडेने चालत राहिले. ऊन डोक्यावर. लांबवर पुलावरून गाड्या जात होत्या, आवाज मात्र येत नव्हता. किती चालले कोण जाणे. मग एकदम गारवा आला... माठाला गाल लावावा तसा. पायाखालची माती गार, वारा गार, उजेडसुद्धा मऊ झालेला. मी चपला हातात घेतल्या. घरी आई आजारी आहे हेही विसरायला झालं.

आणि धप्... धप्... धप्. तो आवाज मी ओळखला. हंगामाच्या सुरुवातीला कोंडीचा तळ पायांनी चोपून घट्ट करतात, त्याला आमच्याकडे पाय मारणं म्हणतात. लहानपणी मी बाबांच्या मागे उभी राहून पाय मारायचे. पण वैशाखात कोण पाय मारेल? तेव्हा हंगाम संपत आलेला असतो.

मी बघितलं तर बाबांची कोंडी. बांध अखंड, पाणी काचेसारखं आणि काठावर मिठाची छोटीशी रास. पांढरीशुभ्र. माणूस कोणी नव्हतं. आवाज आता माझ्या पाठीमागून येत होता आणि मी मान वळवली नाही. भीती वाटली म्हणून नाही. वळले तर तो थांबेल असं वाटलं. मी खाली बसले, दोन ओंजळी मीठ रुमालात घेतलं, गाठ मारली. डोळे भरून आले होते, पण खूप बरं वाटत होतं. खरं सांगते, तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

उठले कशी, स्टेशनला आले कशी, आठवत नाही. घरी पोहोचले तेव्हा पंखा सुरू झाला होता. मी रुमाल आईच्या मांडीवर ठेवला. तिने गाठ सोडली, वास घेतला. उठून चिमूटभर देवापुढे ठेवलं, चिमूटभर जिभेवर.

"वल्ला हाय अजून," ती म्हणाली. "आणखी दोन दिस ठेवाया पायजे व्हता. तुझे बापानी घाई केली. पोरीला ऊन लागल म्हनून."

मी तिला कोंडीचं, आवाजाचं, कशाचं म्हणून काही सांगितलं नव्हतं. तिथेच जमिनीवर बसून मी लहान पोरीसारखी रडले. त्या रात्री आई पोटभर जेवली, वर मीठ कमी पडलंय म्हणून मला बोललीही.

पुढच्या रविवारी नवऱ्याला घेऊन गेले. बांध फुटलेला, आत चिखल आणि खेकड्यांची बिळं. तो म्हणाला, तुला ऊन लागलं, भास झाला. मी म्हटलं, भास रुमालात बांधून आणता येतो का? मीठ लॅबमध्ये तपासून बघ, असं मग त्यानेच सुचवलं. मी नेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला रिपोर्ट नको होता.

आईचं सोडियम आता नॉर्मल आहे. मला अजूनही यातलं काही कळलेलं नाही आणि कोणी समजावून सांगितलं तर पटेल असंही वाटत नाही. पण आईने तेव्हाच बजावलं होतं, "पुढचे सालाला तू पिकव. त्यांना नको तरास." म्हणून या हिवाळ्यात मी आणि नवऱ्याने फुटलेला बांध सांधला, पाय मारले, पाणी धरलं. पाडवा झालाय, बरणी पालथी आहे आणि कोंडीत अजून पांढरं काही दिसत नाही. काल आईला तसं सांगितलं.

"तू हायस ना तिथं," ती म्हणाली. "येल मंग."